विलायतेतील पाहुणा आणि त्याचे ताट

यवतमाळहून मूर्तिजापूरपर्यंत अडीच फुटी रुळांवरून जी लहानशी गाडी वर्षानुवर्षे धावत होती, ती 'शकुंतला' या लाडक्या नावाने आपणां सर्वांच्या परिचयाची आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी एका इंग्रज कंपनीने हा मार्ग बांधविला, तो काही आपल्या मामाच्या गावी जाण्याच्या सोयीसाठी नव्हे. वऱ्हाडचा कापूस मोठ्या लोहमार्गापर्यंत, तेथून मुंबई बंदरापर्यंत आणि पुढे आगबोटीने सातासमुद्रांपलीकडे पोचावा, हा त्यामागील हेतू. १९२३ पासून १९९४ पर्यंत ही गाडी ओढणारे वाफेचे एंजिनदेखील १९२१ साली मँचेस्टर येथेच घडविलेले होते. आता ते एंजिन निवृत्त झाले आहे आणि गाडीही थांबली आहे. परंतु तिच्याकडे पाहून एक विचार मनात आल्यावाचून राहत नाही. आपल्या जिल्ह्यातून विलायतेस निघालेला पहिला मोठा प्रवासी कोण, असे कोणी विचारले, तर रुईची गाठ असेच उत्तर द्यावे लागेल.

या प्रवाशाची एक मोठी सोय होती. रुईच्या गाठीस पोट नसते. तिला जात नसते, सोवळे नसते, एकादशी नसते. ती बोटीवर चढली काय आणि उतरली काय, तिला कोणी विचारीत नाही की, बाई, वाटेत तू काय खाल्लेस आणि कोणाच्या हातचे खाल्लेस? माणसाची गोष्ट वेगळी. मराठी माणूस लंडन शहर पाहावयास निघाला, तेव्हा बोटीच्या तिकिटाआधी त्याच्यापुढे चुलीचा प्रश्न उभा राहिला. आज मी आपणांस लंडनच्या प्रेक्षणीय स्थळांविषयी सांगणार आहे, पण ते थोड्या निराळ्या वाटेने. आपली माणसे त्या शहरात कोठे उतरली, काय पाहिले, आणि मुख्य म्हणजे काय जेवली, हे पाहत पाहत आपण त्या शहरातून हिंडू. ताटावरून माणसाची ओळख पटते, अशी माझी समजूत आहे. यजमानाचीही पटते, आणि ज्या घरातून पाहुणा निघाला त्या घराची तर विशेषच पटते.

लंडनची कोणतीही मार्गदर्शिका उघडा. थेम्स नदी, तिच्या काठचा जुना टॉवर, वेस्टमिन्स्टरचे पार्लमेंट, सेंट पॉलचे मंदिर, ब्रिटिश म्युझियम, ही नावे तीत येतातच. त्यांच्या मागोमाग बाजार, बागा, नाट्यगृहे आणि खाण्यापिण्याची ठिकाणे येतात. खाणे हे सर्वांत शेवटी येते, कारण ते सुखाचे प्रकरण समजले जाते. आपल्याकडे शंभर-दीडशे वर्षांपूर्वी हा क्रम नेमका उलटा होता. समुद्रपर्यटन निषिद्ध मानले जाई, आणि त्या निषेधाचे खरे मूळ समुद्राच्या पाण्यापेक्षा बोटीवरच्या पिण्याच्या पाण्यात होते. महिना-दोन महिने परक्याच्या हातचे अन्नपाणी घेतलेला मनुष्य परत आल्यावर त्यास पंक्तीस कसा बसवावा, ही चिंता होती.

ही चिंता किती खोल होती, हे समजण्यासाठी विलायतेस जाण्याचीही गरज नाही. १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये काही प्रतिष्ठित मंडळींस व्याख्यानासाठी बोलावणे झाले आणि व्याख्यानानंतर चहा-बिस्किटे पुढे आली. कोणी चहा घेतला, कोणी नुसता पेला हाती धरला. पुढे त्या मंडळींची नावे वर्तमानपत्रात छापून आली आणि प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. त्या यादीत न्यायमूर्ती रानडे होते आणि लोकमान्य टिळकही होते. रानड्यांसारख्या थोर पुरुषाने १८९२ साली त्याबद्दल प्रायश्चित्त घेतले, आणि त्यांच्या अनेक चाहत्यांस त्याचे वाईट वाटले. पुण्यातल्या पुण्यात एका पेलाभर चहासाठी ही दशा, तर लंडनमध्ये राहून आलेल्याची काय होत असेल, याची कल्पना श्रोत्यांनीच करावी.

आता आपण आणखी मागे, पेशवाईच्या उत्तरार्धात जाऊ. १७८१ साली राघोबादादांनी आपले वकील लंडनला पाठविले. त्यांपैकी हनुमंतराव हे ब्राह्मण होते आणि त्यांच्याबरोबर एक पारशी सहकारी होता. राघोबादादांस इंग्रजांचे साह्य हवे होते. ते राजकारण शेवटी फळास आले नाही. दुसऱ्याच वर्षी सालबाईचा तह झाला आणि दादांचा पक्ष कायमचा मागे पडला. परंतु या शिष्टाईतील एक लहानशी गोष्ट राजकारणापेक्षा अधिक काळ टिकली. लंडनमध्ये या परस्थ मंडळींची राहण्याची व जेवणाखाणाची फार अडचण झाली. ती एडमंड बर्क यांच्या कानी गेली. बर्क म्हणजे त्या काळचे पार्लमेंटातील नामांकित वक्ते. पुढे वॉरन हेस्टिंग्ज यांच्यावरील खटला ज्यांनी गाजविला, तेच हे गृहस्थ. त्यांनी या पाहुण्यांस लंडनपासून सुमारे पंचवीस मैलांवरील बीकन्सफील्ड येथील आपल्या घरी नेले, आणि बागेतील झाडे थंडीपासून राखण्यासाठी असलेले काचघर त्यांच्या स्वाधीन केले. तेथे हनुमंतरावांनी आपली चूल मांडावी, आपल्या रीतीने स्नान करावे, आपल्या हाताने शिजवावे आणि सोवळ्याने जेवावे, अशी व्यवस्था झाली.

श्रोतेहो, हे चित्र क्षणभर डोळ्यांपुढे आणा. बाहेर इंग्लंडचे धुके, आत काचेच्या भिंती, कुंड्यांतली झाडे, आणि त्यांच्या मध्ये एक मराठी ब्राह्मण भात शिजवीत बसला आहे. बर्क यांस त्या सोवळ्यातील तत्त्व पटले होते, असे समजण्याचे कारण नाही. पाहुण्यास ज्या रीतीने जेवता येईल त्या रीतीने जेवू द्यावे, एवढेच त्यांनी ओळखले. स्वदेशी परत आल्यावर मात्र हनुमंतरावांस शुद्धीकरणाचा मोठा विधी करावा लागला. परक्याने चुलीस जागा दिली, तरी घरच्या पंक्तीस ती पुरेशी वाटली नाही.

यानंतर लंडनमध्ये हिंदी अन्न विकत मिळू लागले, तेही आपल्या समजुतीपेक्षा फार लवकर. १८१० साली पाटण्याकडील शेख दीन महंमद यांनी पोर्टमन स्क्वेअरजवळ 'हिंदुस्थानी कॉफी हाऊस' या नावाचे उपाहारगृह उघडले. हिंदी पदार्थ व हुक्का ही तेथील आकर्षणे होती. हिंदुस्थानात नोकरी करून परतलेल्या साहेबांची जिभेची सवय सुटलेली नसे, आणि तेच त्याचे गिऱ्हाईक. परंतु त्या साहेबांच्या घरी हिंदुस्थानी स्वयंपाक जाणणारे आचारी होतेच. दोन वर्षांतच दीन महंमद यांचे दिवाळे निघाले. लंडनमधले पहिले हिंदी उपाहारगृह हिंदी पाहुण्यासाठी नव्हते, हे येथे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

मराठी माणसाचा लंडनमधील पहिला दीर्घ मुक्काम म्हणजे रंगो बापूजींचा. साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज यांस १८३९ साली कंपनी सरकारने पदच्युत केले. त्यांची कैफियत मांडण्यासाठी रंगो बापूजी १८४० मध्ये लंडनला गेले, ते १८५३ पर्यंत तेथेच राहिले. मध्यंतरी १८४७ साली महाराज काशी येथे निवर्तले, तरीही हा स्वामिनिष्ठ वकील मागे फिरला नाही. कंपनीची कचेरी लेडनहॉल स्ट्रीट येथे होती, आणि तिच्या लगतच लेडनहॉलचा जुना मटणबाजार होता. ज्या कचेरीत साताऱ्याच्या गादीचा न्याय व्हावयाचा, तिच्या शेजारी खाटकांची दुकाने! हा योगायोग मी केवळ स्थलवर्णन म्हणून सांगत आहे. त्यातून श्रोत्यांनी काय अर्थ काढावा, हे त्यांच्यावर सोपवितो.

रंगो बापूजी तेथे असतानाच १८५१ साली हाइड पार्कमध्ये काचमहाल उभा राहिला आणि सर्व जगाचे महाप्रदर्शन भरले. हिंदुस्थानचे दालन त्यात विशेष गाजले. कोहिनूर हिरा पाहण्यासाठी लोकांची झुंबड उडे. देशोदेशीचे पाहुणे त्या वर्षी लंडनला लोटले आणि सहलीचे प्रवासी म्हणून स्वस्त तिकिटांनी येणाऱ्या सामान्य इंग्रजांची त्यांत मोठी भर पडली. आज ज्यास आपण 'पर्यटन' म्हणतो, त्याचा आरंभ तेथे दिसतो. पण आपला वकील त्या शहरात प्रेक्षक म्हणून आलेला नव्हता. लंडनचे दर्शन त्यास घडले ते कचेऱ्यांच्या दारांशी तिष्ठत. एकच शहर एकास जत्रा असते आणि दुसऱ्यास देवडी असते, ही गोष्ट पुढेही वारंवार दिसेल.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दोन गोष्टींनी आपल्या लोकांची अडचण थोडी हलकी केली. पहिली म्हणजे इंग्लंडातीलच शाकाहाराची चळवळ. १८४७ साली तेथे शाकाहारी मंडळाची स्थापना झाली होती, आणि पुढे चाळीस-पन्नास वर्षांत लंडनमध्ये अनेक शाकाहारी भोजनगृहे निघाली. १८८८ साली बॅरिस्टर होण्यासाठी गेलेले तरुण मोहनदास गांधी पहिले काही आठवडे जवळजवळ उपाशीच होते. हिंडता हिंडता फॅरिंग्डन स्ट्रीटवर त्यांना असे एक भोजनगृह सापडले आणि तेथे ते प्रथम पोटभर जेवले. दारातच शाकाहाराचे मंडन करणारे एक पुस्तक विकावयास होते, तेही त्यांनी घेतले. मातेला दिलेले वचन म्हणून जे व्रत पाळले जात होते, ते त्या दिवसापासून विचारपूर्वक स्वीकारलेले मत झाले. ज्या जातीने त्यांस बहिष्कृत केले होते, तिला ही गोष्ट मोठी गमतीची वाटावयास हवी होती. मुलगा विलायतेत भ्रष्ट होईल अशी भीती होती, आणि तो तेथे अधिकच निष्ठावंत शाकाहारी झाला.

आपल्या पंडिता रमाबाईंचे उदाहरण याहूनही बोलके आहे. १८८३ साली लहानग्या मनोरमेस घेऊन त्या इंग्लंडला गेल्या आणि लंडनच्या पश्चिमेस वाँटेज गावी भगिनींच्या मठात राहिल्या. त्याच वर्षी त्यांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. परंतु त्यांचा आहार मात्र शाकाहारीच राहिला. धर्म बदलला, ताट बदलले नाही. धर्म आणि ताट या दोन वस्तू एकच आहेत असे मानणाऱ्या आपल्या शास्त्री मंडळींस, आणि तसेच मानणाऱ्या त्यांच्या इंग्रज यजमानांसही, या एका विदुषीने मूकपणे उत्तर दिले.

दुसरी सोय म्हणजे चहाची दुकाने. १८६४ पासून 'ए. बी. सी.' या पाव करणाऱ्या कंपनीची आणि १८९४ पासून लायन्स कंपनीची चहागृहे लंडनच्या रस्त्यांवर दिसू लागली. स्वच्छ मेज, ठराविक दर, पाव, लोणी आणि चहा. मद्याचे नाव नाही. एकटीदुकटी स्त्रीसुद्धा तेथे निर्धास्तपणे बसू शके. परदेशी विद्यार्थ्यास तर ती पर्वणीच वाटे. ज्या चहाने पुण्यात एवढा गहजब माजविला, तोच चहा लंडनमध्ये आपल्या गरीब विद्यार्थ्यांचा आधार झाला.

१९०५ साली पंडित श्यामजी कृष्ण वर्मा यांनी हायगेट भागात ६५, क्रॉमवेल अॅव्हेन्यू येथे 'इंडिया हाऊस' हे हिंदी विद्यार्थ्यांचे वसतिगृह काढले. पुढल्याच वर्षी नाशिकचे विनायक दामोदर सावरकर तेथे राहावयास आले. त्या घराचे राजकारण सर्वश्रुत आहे. परंतु वसतिगृह म्हटले की स्वयंपाकघर आलेच, आणि निरनिराळ्या प्रांतांचे व जातींचे तरुण तेथे एका छपराखाली राहत होते, ही गोष्ट मला राजकारणाइतकीच महत्त्वाची वाटते. १९०९ च्या ऑक्टोबरची २४ तारीख. मदनलाल धिंग्रा यांस फाशी जाऊन दोनच महिने लोटले होते. बेजवॉटर भागातील एका हिंदी उपाहारगृहात विजयादशमीचे भोजन ठरले. अध्यक्ष होते गांधी आणि प्रमुख वक्त्यांत होते सावरकर. भोजन शाकाहारी असावे आणि वादाचे राजकारण बोलले जाऊ नये, या गांधींच्या अटी होत्या. स्वयंपाकास हातभार लावण्यासाठी एक साधासा गृहस्थ आधीच येऊन भाज्या चिरू लागला व भांडी घासू लागला, आणि तेच संध्याकाळचे अध्यक्ष आहेत हे विद्यार्थ्यांस मागाहून कळले, अशी त्या वेळच्या एका विद्यार्थ्याची आठवण प्रसिद्ध आहे. दोघांचे मार्ग पुढे किती दूर गेले, हे आपण जाणतो. त्या सायंकाळी मात्र ते एका पंक्तीस बसले होते, आणि ती पंक्त लंडनमध्ये बसली होती.

आता एका निराळ्या पाहुण्याकडे वळू. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली हिंदी क्रिकेटचा संघ इंग्लंडच्या दौऱ्यावर गेला. या संघात पुण्याचे पाळवणकर बाळू हे डावखुरे गोलंदाज होते आणि त्यांचे बंधू शिवराम हेही होते. बाळूंनी त्या दौऱ्यात एकंदर ११४ बळी मिळविले. संघाची कामगिरी यथातथाच होती, पण बाळूंच्या गोलंदाजीची इंग्रज जाणकारांनी वाखाणणी केली. याच बाळूंस पुण्यात, ज्या हिंदू संघासाठी ते खेळत त्याच संघात, चहाच्या सुटीत तंबूबाहेर मातीच्या भांड्यातून चहा दिला जाई, कारण ते चर्मकार समाजात जन्मले होते. भोजनाच्या वेळी त्यांचे पान निराळे मांडले जाई. चेंडू त्यांच्या हातून घ्यावयास कोणासच विटाळ वाटत नसे. पेला तेवढा विटाळत असे. हनुमंतरावांस आपली चूल राखण्यासाठी विलायतेत निराळी जागा हवी होती, आणि बाळूंस निराळी जागा नको होती. एकाच शतकांच्या जुन्या रूढीची ही दोन टोके आहेत, आणि लंडनच्या वाटेवर ती दोन्ही आपणांस भेटतात.

महायुद्धाच्या आरंभाचा एक प्रसंग सांगतो. १९१४ च्या ऑगस्टात गांधी दक्षिण आफ्रिकेहून लंडनला पोचले, ते युद्ध जाहीर होऊन दोन दिवस झाल्यावर. ज्यांना भेटावयाचे ते गोपाळ कृष्ण गोखले प्रकृतीसाठी फ्रान्समध्ये गेले होते आणि युद्धामुळे पॅरिसमध्ये अडकून पडले होते. ते परतले तेव्हा गांधी आजारी होते, आणि शेंगदाणे, केळी, लिंबू, टोमॅटो, द्राक्षे असल्या पदार्थांवर राहत होते. स्वतः प्रकृतीने जर्जर असलेल्या गोखल्यांस या शिष्याची फार काळजी वाटली. डॉक्टर सांगतील ते अन्न घ्यावे, असा त्यांनी आग्रह धरला. गांधींनी विचारासाठी एक दिवस मागून घेतला, आणि दूध व मांस सोडून इतर गोष्टींत ऐकेन, असे कळविले. गोखल्यांस ते पटले नाही, पण त्यांनी आग्रह सोडला. पुढे सहाच महिन्यांत गोखले निवर्तले. मतभेद असूनही दुसऱ्याच्या ताटावर आपली सत्ता चालवू नये, हा सभ्यपणा या गुरूने शेवटपर्यंत पाळला.

लोकमान्य टिळक लंडनला पोचले ते १९१८ च्या ऑक्टोबरअखेर, चिरोल यांच्यावरील फिर्यादीसाठी. साखर, लोणी, मांस यांवर तेव्हा लंडनमध्ये शिधापत्रिकेचे नियंत्रण होते. थोड्याच दिवसांत, ११ नोव्हेंबरला, युद्ध थांबले आणि त्या महानगराचा जल्लोष लोकमान्यांस पाहावयास मिळाला. मेडा व्हेल भागात १०, हाउली प्लेस येथे त्यांचे बिऱ्हाड होते. १९१९ च्या फेब्रुवारीत फिर्याद त्यांच्याविरुद्ध गेली. पण स्वराज्याचा प्रचार करीत ते पुढेही काही महिने तेथे राहिले. ज्यांच्या नावाने पंचहौदाच्या चहाचा वाद गाजला होता, त्यांना आता विलायतेतील मजूर पुढाऱ्यांच्या बैठकीत बसावयाचे होते. काळाने चुलीचा प्रश्न सोडविला नव्हता. त्याच्याहून मोठा प्रश्न पुढे आणून ठेवला होता.

आणि आता या कथेतील सर्वांत साधे ताट. १९२० साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर अपुरा राहिलेला अभ्यास पूर्ण करण्यासाठी पुन्हा लंडनला गेले. १९२१-२२ मध्ये ते प्रिमरोझ हिलजवळ १०, किंग हेन्रीज रोड येथे राहत होते. सकाळी घरमालकीण देईल तो चहा व पावाचा तुकडा खाऊन ते ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात जात, आणि ते बंद होईपर्यंत तेथून उठत नसत. दुपारच्या जेवणास पैसा नसे आणि वेळही नसे. रात्री अभ्यास करताना भूक अनावर झाली, की एका परिचिताने दिलेल्या पापडांतून चार पापड भाजावयाचे आणि पेलाभर दुधाबरोबर खावयाचे, असा त्यांचा क्रम चरित्रकारांनी नमूद केला आहे.

चैत्र-वैशाखाच्या उन्हात यवतमाळच्या कोणत्याही आळीत धाब्यावर किंवा अंगणात खाटा टाकून पापड, कुरडया वाळत घातलेल्या आपण पाहतो. त्या वाळवणाची किंमत आपल्या लेखी ती काय? जेवणाच्या पानात डाव्या बाजूस पडणारी वस्तू. परंतु लंडनच्या थंडीत त्याच चार पापडांवर 'रुपयाचा प्रश्न' हा प्रबंध लिहिला गेला, आणि १९२३ साली त्याबद्दल लंडन विद्यापीठाची डॉक्टर ऑफ सायन्स ही पदवी मिळाली. ब्रिटिश म्युझियमचे ते घुमटाकार वाचनगृह पाहावयास जगभरचे प्रवासी जात. आंबेडकरांस ते पाहण्याची जागा नव्हती, बसण्याची होती. तेथे कोणत्या खुर्चीवर बसावे, कोणत्या पेल्यातून पाणी प्यावे, हे जन्मावरून ठरत नव्हते. ज्या शहराने आपल्या देशास गुलाम केले होते, त्याच शहरातील एका मेजापाशी या मनुष्यास समान जागा मिळाली, आणि स्वदेशात ती मिळविण्यासाठी १९२७ साली त्यांस महाडच्या तळ्यावर जावे लागले. ही गोष्ट आपल्या अभिमानास सुखावणारी नाही, म्हणूनच ती सांगितली पाहिजे.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगतो. १९२६ साली रीजंट स्ट्रीटवर 'वीरस्वामी' हे उपाहारगृह निघाले आणि हिंदी जेवण ही लंडनमधील प्रतिष्ठित करमणूक झाली. १९३२ साली साहित्यसम्राट न. चिं. केळकर यांच्या पुढाकाराने 'महाराष्ट्र मंडळ, लंडन' ही संस्था स्थापन झाली. डॉलिस हिल भागात आज तिची स्वतःची वास्तू आहे, आणि गणेशोत्सवात तेथे आरतीचा घोष घुमतो. २०१० साली हौन्स्लो भागात दोन मुंबईकर मित्रांनी वडापावाचे दुकान काढले. हनुमंतरावांस ज्यासाठी काचघर लागले, ते आता रस्त्यावर कागदात बांधून मिळते, आणि ते कोणी केले हे कोणी विचारीत नाही.

म्हणून माझी अशी सूचना आहे की, आपल्यापैकी ज्यांस लंडनला जाण्याचा योग येईल, त्यांनी टॉवर व पार्लमेंट पाहून झाल्यावर एक दिवस या दुसऱ्या यात्रेसाठी राखून ठेवावा. मेडा व्हेलला हाउली प्लेस येथे लोकमान्यांच्या नावाची पाटी आहे. जवळच कालव्याकाठी फिरण्यास रम्य जागा आहे. हायगेटला क्रॉमवेल अॅव्हेन्यूवर सावरकरांची पाटी आहे. प्रिमरोझ हिलच्या टेकडीवरून सारे लंडन नजरेच्या टप्प्यात येते, आणि तेथून थोड्या पावलांवर बाबासाहेबांचे ते घर आहे. महाराष्ट्र शासनाने ते विकत घेतले आणि २०१५ साली ते स्मारक म्हणून खुले झाले. ज्या ठिकाणी एक विद्यार्थी चार पापडांवर रात्र काढीत होता, ते ठिकाण आज स्वतःच प्रेक्षणीय झाले आहे.

परत येताना मात्र एक विचार बरोबर आणावा. आपल्या यवतमाळासही पाहुणे येतात. कळंबच्या चिंतामणीसाठी येतात, टिपेश्वरच्या अभयारण्यासाठी येतात. थंडीत शेतावर हुरड्याचा बेत आपण करतो, गोवऱ्यांच्या आहारावर भाजलेले रोडगे आणि वांग्याची भाजी वाढतो, पाटवडीचा झणझणीत रस्सा वाढतो, आणि पाहुण्याच्या डोळ्यांत पाणी आले की आग्रहाने आणखी वाढतो. वैदर्भीय आतिथ्याची ही कीर्ती खोटी नाही. परंतु ज्याच्या शेतात हुरडा भाजला जातो तो धनी, ज्याने ती ज्वारी राखली तो गडी आणि दूरचा पाहुणा, हे तिघे एकाच सतरंजीवर बसतात काय? बर्क यांनी पाहुण्याच्या चुलीस काचघर दिले, याची आपण प्रशंसा करतो. ती करीत असतानाच, बाळूंच्या हातातील तो मातीचा पेला आपणच दिला होता, हेही आपल्या स्मरणात असावे.

विलायतेच्या प्रवासाने आपल्या लोकांस पुष्कळ काही दाखविले. त्यांत मोठमोठ्या इमारती होत्या, यंत्रे होती, काचमहाल होता. पण त्या सर्वांहून त्यांस आपल्याच घरचे स्वयंपाकघर दुरून पाहावयास मिळाले, हा लाभ मला सर्वांत मोठा वाटतो. रुईची गाठ विलायतेस गेली आणि कापड होऊन परत आली. माणूस गेला, तो काय होऊन परत आला, हे त्याने घरी आल्यावर कोणास आपल्या शेजारी जेवावयास बसविले, यावरूनच ठरावयाचे.